घराची दिशा आणि बाईची जागा

‘फेंगशुई’ या चिनी शब्दाचा सरळ अर्थ वारा आणि पाणी. आपल्याकडे हा शब्द हसऱ्या बुद्धाच्या मूर्ती, किणकिणणाऱ्या टांगत्या नळ्या आणि बाटलीतला बांबू यांच्याबरोबर आला. वास्तुशास्त्राच्या दुकानात त्यालाही एक फळी मिळाली, इतकेच. पण सिंगापूरसारख्या शहरात फेंगशुई ही शोभेची वस्तू नाही. तिथे घर निवडण्याच्या व्यवहारात तिला मान आहे, आणि तोही सरकारने बांधलेल्या वसाहतींमध्ये. गेली काही वर्षे मी तिथे कुटुंबांबरोबर समाजकार्य करते आहे. त्या कामातून माझे जे मत झाले ते मैत्रिणींपुढे ठेवते. फेंगशुईला अंधश्रद्धा म्हणून हसून सोडून देणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. घराचे तोंड कोणत्या दिशेला आहे, हा प्रश्न इतक्या मोठ्या आवाजात विचारला जातो की घर नेमके कुणाचे आहे, हा प्रश्न ऐकूच येत नाही. आपले काम हा दुसरा प्रश्न पुढे आणण्याचे आहे.

आधी तिथल्या घरांविषयी थोडे सांगायला हवे. सिंगापूरचे गृहनिर्माण व विकास मंडळ १९६० साली स्थापन झाले. २४ मे १९६१ रोजी तिथल्या विधानसभेने ‘विमेन्स चार्टर’ हा कायदा मंजूर केला. मुस्लिम विवाह वगळता त्याने एकपत्नीत्व सक्तीचे केले आणि विवाहित स्त्रीला मालमत्तेचे आणि पोटगीचे हक्क दिले. दुसऱ्याच दिवशी, २५ मे रोजी, बुकित हो स्वी या झोपडवस्तीला प्रचंड आग लागली आणि सुमारे १६ हजार माणसे बेघर झाली. त्यांच्या पुनर्वसनासाठी मंडळाने ज्या वेगाने इमारती उभ्या केल्या, त्यातूनच त्याचा दबदबा तयार झाला. या दोन दिवसांत दोन गोष्टींची सुरुवात शेजारी शेजारी झाली. कायद्याने बाईला पत्नी म्हणून हक्क दिले. मंडळाने घर दिले, पण ते ‘कुटुंबा’ला. या दोहोंतले अंतर आजही पूर्ण बुजलेले नाही.

आज तिथल्या दर दहा रहिवाशांपैकी जवळजवळ आठजण मंडळाच्या घरांत राहतात. ही घरे भाड्याची नाहीत, बहुतेक ९९ वर्षांच्या पट्ट्याने विकत घेतलेली आहेत. २००१ पासून नवी घरे आधी मागणी नोंदवून मग बांधली जातात. अर्ज करायचा, संगणकाच्या सोडतीत क्रमांक लागायचा आणि त्या क्रमांकाप्रमाणे बोलावणे आले की उरलेल्या घरांतून एक निवडायचे. इमारत, मजला आणि घराचा क्रमांक एवढीच ती निवड. त्यातही १९८९ पासून प्रत्येक इमारतीत चिनी, मलय, भारतीय व इतर अशा गटांचे कमाल प्रमाण ठरलेले आहे. म्हणजे घर रिकामे दिसत असले तरी तुमच्या गटाचा वाटा संपला असेल तर ते तुम्हाला मिळत नाही.

नाही म्हणण्याची किंमतही आहे. ऑगस्ट २०२३ पासून, पहिल्यांदा घर घेणाऱ्या जोडप्याने बोलावणे येऊनही घर निवडले नाही तर त्यांचे प्राधान्य वर्षभरासाठी जाते. एकदा घेतले की किमान पाच वर्षे तिथे राहावेच लागते. मोक्याच्या जागी असलेल्या वसाहतींच्या नव्या वर्गांत ही अट दहा वर्षांची आहे. आयुष्यभराची बचत, भविष्यनिर्वाह निधीतले पैसे आणि पंचवीस वर्षांचे कर्ज अर्ध्या तासाच्या निवडीवर लागलेले असते. अशा वेळी घरांच्या यादीवर एखाद्या तज्ज्ञाकडून आधीच खुणा करून आणाव्याशा वाटल्या तर नवल नाही. जिथे निवडीचा वाव जवळजवळ संपलेला असतो, तिथे उरलेल्या चिमूटभर वावाला फार मोठा अर्थ येतो.

तज्ज्ञ काय पाहतो? सरळ येणारा रस्ता इमारतीला टेकतो का, दार लिफ्टच्या किंवा समोरच्या घराच्या दारासमोर येते का, कचऱ्याची जागा समोर आहे का, मुख्य दारातून शिरलेला वारा थेट समोरच्या खिडकीतून निघून जातो का, दुपारचे पश्चिमेचे ऊन भिंतीवर येते का. घराच्या क्रमांकात चार हा आकडा नको, कारण चिनी भाषांत त्याचा उच्चार ‘मृत्यू’ या शब्दाच्या जवळ जातो. आठ असला तर उत्तम, कारण त्याचा उच्चार भरभराटीच्या शब्दाशी जुळतो.

यातल्या काही गोष्टी कुणाही शहाण्या बाईने तज्ज्ञाशिवाय पाहिल्या असत्या. विषुववृत्तापासून शंभर-दीडशे किलोमीटरवरच्या गावात पश्चिमेच्या उन्हाने तापलेल्या भिंतीला लागून जिला झोपायचे आहे, तिला होकायंत्र लागत नाही. कचऱ्याची दुर्गंधी, लिफ्टचा आवाज, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी घरात डोकावणे हे त्रास खरेच आहेत. जुन्या लोकांनी निरीक्षणातून जे साठवले त्यातले थोडे इथे शिल्लक आहे, आणि ते मान्य करायला हरकत नाही. चाराचा आणि आठाचा मुद्दा मात्र निव्वळ उच्चाराचा आहे. चारातून मृत्यू ऐकू न येणाऱ्या तमिळ किंवा मराठी कुटुंबाला तोच आकडा मुळीच बाधत नाही.

खरी अडचण दाराच्या आत शिरल्यावर सुरू होते. फेंगशुईच्या एका प्रचलित पद्धतीत जन्मवर्षावरून माणसाचा एक आकडा काढतात. तो पुरुषाचा एका रीतीने काढायचा आणि बाईचा दुसऱ्या. त्यावरून माणूस पूर्वगटातला की पश्चिमगटातला ते ठरते, आणि त्याच गटाच्या दिशेचे घर त्याला लाभते असे सांगतात. नवराबायको वेगवेगळ्या गटांतले निघाले तर? नेहमीचा सल्ला असा की घर कर्त्याच्या, कमावत्याच्या आकड्यावर पाहावे. बायकोची सोय पलंगाची दिशा फिरवून किंवा शेगडीची जागा बदलून करावी. ज्या शहरात बहुतेक विवाहित बायका नोकरी करतात आणि घराचे हप्ते दोघांच्या निधीतून जातात, तिथेही ‘कर्ता’ म्हटले की डोळ्यांपुढे पुरुषच येतो. वायव्य दिशा पित्याची, नैर्ऋत्य मातेची अशी वाटणी या शास्त्रात आहे. घराचा नकाशा काढताना कुटुंबाचा नकाशाही काढून ठेवलेला आहे.

मग येते चूल. दार, मुख्य शयनगृह आणि चूल ही घराची तीन मर्मस्थाने मानली आहेत. शेगडी मोरीसमोर नको, कारण आग आणि पाणी भांडतात. ती दारातून दिसायला नको. तिच्या भिंतीपलीकडे संडास नको. चूल बिघडली तर पैसा, प्रकृती आणि संतती बिघडते म्हणे. आता मंडळाच्या घरातले स्वयंपाकघर कसे असते ते पाहा. अरुंद जागा, एका भिंतीला लागून ओटा, गॅसची नळी आणि पाण्याचा नळ ठरलेल्या ठिकाणी, पलीकडे संडास-न्हाणीघर. खालपासून वरपर्यंत एकाच रांगेतल्या सगळ्या घरांचा आराखडा तोच. मग वीस मजल्यांवरच्या वीस चुली सारख्याच दोषी धरायला हव्यात, आणि वीसही कुटुंबांवर सारखेच संकट यायला हवे. तसे होत नाही. पण एखाद्या घरात मूल राहत नाही, नवऱ्याचा धंदा बुडतो, सासरा आजारी पडतो. मग नेमकी त्याच घरातली चूल तपासली जाते, आणि चुलीपाशी कोण उभी असते हे सांगायला नको.

नवरा बाहेर संबंध ठेवत असेल तर त्यालाही इथे एक सुंदर नाव आहे, ‘पीचच्या फुलांचा योग’. तो योग म्हणे घरातल्या चुकीच्या कोपऱ्यात फुले किंवा पाणी ठेवल्याने जागा होतो. म्हणजे वागला नवरा आणि चुकली फुलदाणी! फुलदाणी हलवायची जबाबदारी अर्थात बायकोची. आमच्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या बायकांपैकी काहीजणी मारहाणीविषयी बोलायच्या आधी घराच्या दोषाविषयी बोलतात. पलंग हलवून झाला, आरसा झाकून झाला, दारावर अष्टकोनी आरसा लावून झाला (त्यावरून समोरच्यांशी भांडणही झाले, कारण आरशाने परतवलेले अरिष्ट आपल्या दारात येते असे त्यांना वाटते). हे सगळे करून झाल्यावर मग विमेन्स चार्टरखाली न्यायालयाकडून संरक्षणाचा आदेश मिळू शकतो, हे त्या ऐकायला तयार होतात. तोपर्यंत काही महिने, कधी काही वर्षे गेलेली असतात. वारा आणि पाणी यांच्या नावावर खपलेला हा बाईच्या आयुष्यातला काळ कोण भरून देणार?

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग प्रबोधन करा, अंधश्रद्धा घालवा. पण बायका या तज्ज्ञांकडे का जातात हे समजून घेतल्याशिवाय केलेले प्रबोधन बायकांनाच आणखी एकदा मूर्ख ठरवते. तिथल्या घरवाटपात आईवडिलांजवळ घर घेणाऱ्या विवाहित मुलांना प्राधान्य आहे, अनुदानही आहे. म्हाताऱ्यांची काळजी घरातच घेतली जावी हा त्यामागचा हेतू. ती काळजी कोण घेणार? सून. तिला सासूच्या इमारतीत घर नको असेल तर ते ती कुणापुढे आणि कोणत्या शब्दांत सांगणार? ‘मला नको’ या वाक्याला घरात वजन नाही. ‘त्या घराची दिशा आपल्याला लाभत नाही असे मास्टर म्हणाले’ या वाक्याला आहे. मग सून ते वाक्य विकत घेते. आपल्याकडे अंगात येणाऱ्या बाईविषयी आपण हेच शिकलो नाही का? एरवी जिचे कुणी ऐकत नाही, तिचे देवी आल्यावर सगळे ऐकतात. फेंगशुईचा असा उपयोग करणारी बाई भोळी नसते, ती हिशेबी असते.

पण या हिशेबात तोटा आहे, तो तिच्या लक्षात आणून द्यायला हवा. उसन्या आवाजाची किल्ली दुसऱ्याच्या हातात असते. उद्या सासूने स्वतःचा तज्ज्ञ आणला आणि त्याने उलटे सांगितले तर सुनेकडे काहीच उरत नाही, कारण तिने स्वतःचे ‘नको’ कधी उच्चारलेलेच नसते. म्हणून त्या ‘नको’ला शब्द मिळवून देणे हे आपल्यासारख्यांचे काम आहे. तज्ज्ञाची टिंगल केल्याने ते होत नाही.

आता त्याहून मोठा प्रश्न. दिशा कोणती हे विचारायची संधी ज्यांना मिळते, त्या निदान रांगेत तरी असतात. कित्येकजणी रांगेतच नाहीत. मंडळाचे घर घ्यायचे तर ‘कुटुंबाचा गाभा’ लागतो: विवाह, ठरलेला विवाह, आईवडील, किंवा घटस्फोटित वा विधवा असल्यास ताब्यातली मुले. एकट्या व्यक्तीला १९९१ पर्यंत स्वतःच्या नावावर घर घेण्याची वाट जवळजवळ नव्हतीच. त्या वर्षी वयाच्या पस्तिशीनंतर पुनर्विक्रीचे लहान घर घेण्याची मुभा मिळाली, २०१३ मध्ये नवे दोन खोल्यांचे घर घेण्याची, आणि ऑक्टोबर २०२४ पासून असे घर कोणत्याही भागात घेण्याची. पण पस्तिशीची अट कायम आहे. अठ्ठाविसाव्या वर्षी आईवडिलांच्या घरातला जाच सोसणाऱ्या अविवाहित मुलीला ‘आणखी सात वर्षे थांब’ हेच उत्तर मिळते.

अविवाहित आई आणि तिचे मूल मिळून ‘कुटुंबाचा गाभा’ होत नाही. तिने विनंतीअर्ज करायचा, मग तिचे प्रकरण स्वतंत्रपणे तपासले जाते. म्हणजे लग्न केलेलीला हक्क आणि न केलेलीला कृपा. दोन बायकांनी मिळून संसार मांडला तर त्याला नाव नाही. समलिंगी पुरुषसंबंधांना गुन्हा ठरवणारे कलम रद्द करण्याचा निर्णय संसदेने २०२२ साली घेतला, पण त्याच वेळी विवाहाची स्त्री-पुरुष ही व्याख्या न्यायालयीन आव्हानापासून सुरक्षित करून टाकली. परदेशातून लग्न करून आलेली आणि मुदतीच्या परवान्यावर राहणारी बायको घराची मालक होऊ शकत नाही. तिची नोंद फक्त ‘राहणारी’ अशी होते. घटस्फोट झाला तर वैवाहिक मालमत्तेत वाटा मागण्याचा हक्क चार्टरने दिला आहे, पण ते घर तिला स्वतःकडे ठेवता येत नाही. अशा बाईच्या पलंगाची दिशा बरोबर असली काय आणि नसली काय?

आणि त्याच घरात आणखी एक बाई राहते, जिची जन्मतारीख कुठलाही तज्ज्ञ विचारत नाही. इंडोनेशिया, फिलिपिन्स, म्यानमार किंवा भारतातून आलेली घरकामगार. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून बांधलेल्या घरांत हवाई हल्ल्यापासून बचावासाठी जाड भिंतींची आणि पोलादी दाराची एक लहान खोली असते. तिला खिडकी नसते. अनेक घरांत घरकामगाराचे अंथरूण तिथेच पडते. ज्या विद्येचे नावच वारा आणि पाणी आहे, तिला ही बिनवाऱ्याची खोली कशी दिसत नाही?

गंमत अशी की फेंगशुईच्या एका पद्धतीप्रमाणे २०२४ पासून वीस वर्षांचे नवे पर्व सुरू झाले आहे. त्याचे तत्त्व अग्नी, आणि कुटुंबातले स्थान मधल्या मुलीचे. म्हणून आता स्त्रियांचे युग आले असे तज्ज्ञ सांगतात. आपल्याला त्याचा आनंद व्हायला हरकत नाही. पण १९९१, २०१३ आणि २०२४ साली एकट्या बायकांना जे थोडेथोडे मिळाले ते ग्रहताऱ्यांनी दिलेले नाही. नियम माणसांनी केले होते, ते माणसांनीच बदलले. स्त्रियांच्या संघटना, समाजकार्यकर्त्या आणि स्वतः अविवाहित आया वर्षानुवर्षे निवेदने देत राहिल्या आहेत. जुन्या इमारतींत लिफ्ट ठरावीक मजल्यांवरच थांबत असे. बाळाची गाडी आणि भाजीची पिशवी घेऊन बाईने उरलेले जिने चढायचे. २००१ पासून लिफ्ट प्रत्येक मजल्यावर नेण्याचे काम हाती घेतले गेले. कुठल्याही आरशाने ते केले नसते.

हे सगळे आपण का वाचायचे? कारण आपले चित्र फार वेगळे नाही. कायमचा रहिवास मिळालेली मराठी कुटुंबे तिथे मंडळाची जुनी घरे घेतात, तेव्हा फेंगशुईच्या जागी वास्तुशास्त्र येते, इतकाच फरक. नैर्ऋत्येला कर्त्या पुरुषाची खोली, आग्नेयेला स्वयंपाकघर, वायव्येला लग्नाची मुलगी, म्हणजे ती लवकर उजवून जाईल! हेच आपल्याकडे, ‘म्हाडा’च्या सोडतीत लागलेल्या घरातही, जिथे निवडायला काहीच नसते, उपाय म्हणून विकले जाते.

पण आपल्याकडे दुसरीही एक परंपरा आहे आणि ती अभिमानाने सांगण्यासारखी आहे. १९८६ च्या सुमारास मुंबईत भायखळ्याच्या पदपथांवर राहणाऱ्या बायका ‘महिला मिलन’मध्ये एकत्र आल्या. घर मिळालेच तर ते कसे हवे, याचा विचार त्यांनी घर मिळण्याच्या कितीतरी आधी केला. कापड आणि काठ्या घेऊन खऱ्या मापाच्या खोल्या उभ्या केल्या, आत शिरून पाहिल्या आणि जमीन कमी तर उंची वाढवा, १४ फूट उंचीची खोली आणि आत माळा द्या असे सांगितले. त्यांनी दिशा विचारली नाही. मुले कुठे झोपतील, चुलीचा धूर कुठे जाईल, पाणी कुठून येईल हे विचारले. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत घर नवराबायकोच्या संयुक्त नावावर करण्याचा नियम आला, आणि ‘घर दोघांचे’ म्हणत आपण गावोगाव ग्रामपंचायतीच्या कागदावर बाईचे नाव चढवायला निघालो, तेव्हा आपणही याच वाटेवर होतो. कागदावर नाव आले म्हणजे सारे झाले असे नाही, हे आपल्याला माहीत आहे. पण नाव नसले की काहीच होत नाही, हेही आपण पाहिले आहे.

म्हणून एक सुचवावेसे वाटते. पुढच्या शिबिरात प्रत्येकीला आपल्या घराचा नकाशा काढायला सांगा, अगदी साधा, काड्यांचा. कोण कुठे झोपते, कुणाचा कोपरा कुठे, आतून कडी लावता येईल अशी जागा कुणाला आहे, रात्री संडासला जाताना उजेड असतो का, हे त्यावर लिहायला लावा. मग नकाशाच्या डोक्यावर घर कुणाच्या नावावर आहे ते लिहा. नवरा गेला किंवा नवऱ्याने सोडले तर दुसऱ्या दिवशी ती कुठे असेल, तेही लिहा. वास्तूचे दोष मानणाऱ्या बाईलाही या खेळात भाग घेता येईल, कुणी तिला हसणार नाही. नकाशा पुरा होईपर्यंत घरातला खरा दोष कोणता, ते तिचे तीच सांगेल.

तुमच्या गटात हा खेळ घेतलात तर काय निघाले ते जरूर लिहून कळवा. इथल्या बायकांनाही ते मी वाचून दाखवीन.